पुस्तकांवरच्या कादंबरीला सवलतीचे गुण नकोत

किशोरवयीन वाचकांसाठी पुस्तके निवडणाऱ्या आणि त्यांची शिफारस करणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

पुस्तकातून पात्रे बाहेर येतात, वाचक पुस्तकात ओढला जातो, एखाद्या जुन्या ग्रंथात जगाचे भवितव्य दडलेले असते, अशा कल्पनेवर उभी असलेली कादंबरी समोर आली की तिच्यावरचा अभिप्राय जणू आधीच लिहून तयार असतो. ‘वाचनाची गोडी लावणारी’, ‘पुस्तकांवर प्रेम करायला शिकवणारी’, ‘प्रत्येक ग्रंथप्रेमीने संग्रही ठेवावी अशी’ हे शेरे शिफारशीच्या याद्यांमध्ये इतक्या वेळा वाचायला मिळतात की कादंबरीचे नाव झाकले तर ते कोणत्या पुस्तकाबद्दल आहेत हे ओळखता येणार नाही. विषय पुस्तकांचा असला की परीक्षक आपोआप सौम्य होतो. घोड्यांवरच्या कादंबरीला घोड्यांसाठी जास्तीचे गुण कोणी देत नाही, पुस्तकांवरच्या कादंबरीला मात्र पुस्तकांसाठी ते मिळतात. या सवयीला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे आणि त्यासाठी एकाच कादंबरीचा आधार घेणार आहे, कारण तिच्यावर हे सौम्य शेरे सर्वांत जास्त वेळा मारले गेले आहेत आणि तिच्यावर सर्वांत जास्त अन्यायही त्यांनीच केला आहे.

ती कादंबरी म्हणजे कॉर्नेलिया फुंके यांची ‘इंकहार्ट’. मूळ जर्मन पुस्तक २००३ साली आले आणि त्याच वर्षी अँथिया बेल यांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. पुढे २००५ आणि २००७ मध्ये दुसरा व तिसरा भाग आला, तर २०२३ मध्ये चौथा. माझे म्हणणे पहिल्या भागापुरते आहे आणि ते थोडक्यात असे: ही कादंबरी जिथे पुस्तकांबद्दल संशय घेते तिथे ती फार उंच जाते आणि जिथे पुस्तकवेड्यांची पाठ थोपटते तिथे ती सैल पडते. शिफारशींमध्ये मात्र नेमके उलटे घडते. सैल जागांचे कौतुक होते आणि उंच जागांबद्दल चकार शब्द निघत नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. मेगी ही बारा वर्षांची मुलगी. तिचे वडील मो जुन्या पुस्तकांची दुरुस्ती आणि बांधणी करतात. मेगी तीन वर्षांची असताना मोने एका संध्याकाळी ‘इंकहार्ट’ याच नावाची एक कादंबरी मोठ्याने वाचली आणि त्याच्या आवाजाने कॅप्रिकॉर्न हा खलनायक, त्याचा हस्तक बास्ता आणि डस्टफिंगर हा आगीचे खेळ करणारा कलावंत असे तिघे पुस्तकातून घरात येऊन उभे राहिले. त्याच क्षणी मोची पत्नी रेसा आणि घरातली दोन मांजरे नाहीशी झाली. नऊ वर्षांनंतर एका पावसाळी रात्री डस्टफिंगर दारात येतो आणि तिथून कादंबरी सुरू होते. पुढचा सारा प्रवास उत्तर इटलीत घडतो. मेगीच्या आईची आत्या एलिनॉर हिचे ग्रंथांनी भरलेले घर, कॅप्रिकॉर्नने बळकावलेले डोंगरातले ओसाड गाव आणि त्या आतल्या कादंबरीचा म्हातारा लेखक फेनोग्लिओ राहतो ते गाव, एवढ्या मोजक्या जागांमध्ये गोष्ट फिरते.

आता पहिल्या भल्या गोष्टीकडे येतो. वाचनाने पात्र जिवंत होते, ही कल्पना फुंके यांनी शोधलेली नाही. त्यांनी जे केले ते वेगळे आहे. या जादूला त्यांनी किंमत लावली आणि ती कोणाकडून वसूल होईल हे वाचणाऱ्याच्या हाती ठेवले नाही. काय बाहेर येईल हे मोला ठरवता येत नाही आणि बदल्यात कोण आत जाईल हेही नाही. म्हणूनच या घरात एक विलक्षण परिस्थिती निर्माण झालेली आहे. घर पुस्तकांनी ओसंडून वाहते आहे, वडिलांनी मुलीसाठी खसखशीच्या फुलांसारख्या लाल रंगाची पेटी स्वतः तयार केली आहे, प्रवासाला निघताना तिची पुस्तके त्या पेटीतून जातात; पण त्या घरात कोणीही कधीही मोठ्याने वाचत नाही. मेगीला वडिलांनी गोष्ट वाचून दाखवल्याची आठवणच नाही आणि त्याचे कारणही तिला ठाऊक नाही. मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, असा उपदेश आपण सारेच पालकांना करत असतो. तोच उपदेश पाळल्याने एका कुटुंबाचा संसार उधळला गेला, अशी कल्पना एका बालसाहित्यकाराने केली आणि ती शेवटपर्यंत गांभीर्याने निभावली, याचे मला आजही नवल वाटते. ‘वाचनाची गोडी लावणारी’ हा शेरा लिहिणाऱ्याने हे प्रकरण कसे वाचले असेल, असा प्रश्न पडतो.

कादंबरीतली माझ्या मते सर्वश्रेष्ठ निर्मिती म्हणजे डस्टफिंगर. तो चांगला नाही आणि वाईटही नाही. त्याला घरी जायचे आहे. त्याचे घर मात्र एका छापील कादंबरीत आहे आणि ज्या जगात तो अडकला आहे तिथे त्याला सगळेच फार वेगवान, गजबजलेले आणि गोंगाटाचे वाटते. नऊ वर्षे तो या जगात रस्त्यांवर आगीचे खेळ करून जगतो, सोबत शिंगे असलेला ग्विन नावाचा मार्टेन हा छोटा प्राणी, आणि गालांवर बास्ताच्या सुरीने केलेले तीन वण. कॅप्रिकॉर्न परत पाठवण्याचे आमिष दाखवतो म्हणून तो मोचा ठावठिकाणा त्याला सांगून टाकतो. वाचकाला त्याचा राग येतो आणि दोन-चार पानांतच तो राग टिकवणे कठीण होऊन बसते, कारण रेसा जशी आपल्या घरातून ओढली गेली तसाच तोही ओढला गेला आहे, फक्त उलट दिशेने. मोला पत्नी हरवल्याचे दुःख आहे आणि ज्याचे अख्खे जग मोने हरवले तो माणूस मोच्याच दारात उभा आहे. या दोघांच्या दुःखांची तुलना कादंबरी कुठेही शब्दांत करत नाही. दोघांना एका खोलीत बसवून ती गप्प राहते. बालसाहित्यात असा संयम क्वचित दिसतो.

याच पात्राच्या संदर्भातला एक प्रसंग मुद्दाम सांगतो. मो जेव्हा लेखक फेनोग्लिओला भेटतो आणि आपण निर्माण केलेली माणसे खरोखर हिंडत-फिरत आहेत हे म्हाताऱ्याला पटते, तेव्हा त्याला भीती वाटत नाही, अपराधीही वाटत नाही, तर हर्ष होतो. डस्टफिंगर समोर आल्यावर तो एखाद्या शिल्पकाराने आपली मूर्ती न्याहाळावी तसा त्याला न्याहाळतो. हे वण, ही चण, सगळे आपण लिहिले तसेच उतरले आहे, यातच तो रमलेला असतो. आणि त्या भरात तो सांगून टाकतो की पुस्तकात डस्टफिंगर अखेरीस मरतो. डस्टफिंगरने आजवर तो शेवट कधी जाणून घेतलेला नाही, त्याला तो नकोच होता. लेखकाने लिहिले म्हणून आपला शेवट तसाच व्हायला हवा हे तो मान्यही करत नाही. या एका भेटीत लेखक आणि पात्र यांच्यातला सारा अन्याय उघडा पडतो. कथानकाची गरज म्हणून आपण ज्यांना सहज मारतो, त्यांच्यापैकी एखाद्याने तोंडावर येऊन विचारले तर काय उत्तर देणार, हा प्रश्न फुंके यांनी स्वतःच्या व्यवसायाला विचारला आहे. कादंबरी कथनाची थोरवी गाते असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा उघडून पाहावे.

तिसरी जागा शेवटाजवळची. मेगीलाही वडिलांची विद्या साधते आणि तिच्या वाचनातून ‘पीटर पॅन’मधली टिंकर बेल ही परी बाहेर येते, तेव्हा कॅप्रिकॉर्नला हवा तसा वाचक सापडतो. सावली नावाचा, बळी गेलेल्यांच्या राखेतून घडवलेला भयंकर मारेकरी तिने पुस्तकातून बाहेर काढावा असा त्याचा हुकूम आहे. फेनोग्लिओ गुपचूप मजकूर बदलून देतो. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टीतल्या कथिलाच्या शिपायावर त्याने आधी ही युक्ती पडताळून पाहिलेली असते. बदललेल्या मजकुरात सावली आपल्या मालकावरच उलटते. मेगी वाचू लागते, सावली येते, आणि ज्या वाक्याने कॅप्रिकॉर्न मरणार त्या वाक्यापाशी तिचा आवाज थांबतो. समोरचा माणूस कितीही नीच असला तरी आपल्या तोंडून निघणाऱ्या शब्दांनी तो मरणार आहे, हे तिला कळते. तेव्हा मो पुढे येतो आणि उरलेले तो वाचतो. बापाने लेकीच्या वाट्याचा खून स्वतःवर घेतला, असे हे दृश्य आहे. फुंके त्यावर एकही वाक्य भाष्य करत नाहीत.

मोच्या कामाबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. फुटलेला कणा, सुटलेले फर्मे म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, वाळवीने खाल्लेला पुठ्ठा हे सारे हाताने नीट करता येते आणि त्याला वेळ लागतो, हे ही कादंबरी जाणते. मेगी वडिलांना पुस्तकांचा डॉक्टर म्हणते. जादू करणारा माणूस जादूला घाबरतो आणि खळ, सुई-दोऱ्यावर विश्वास ठेवतो, यामुळे कल्पनारम्य गोष्टीला जमीन मिळते.

हे सगळे मनापासून मान्य करून आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि ती बाजू लहान नाही.

कॅप्रिकॉर्नला वाचता येत नाही. त्याच्या बहुतेक माणसांनाही येत नाही. कथानकाच्या दृष्टीने याचा उपयोग आहे, कारण बदललेला मजकूर त्याला पकडता येत नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की सगळे वाचणारे एका बाजूला आणि न वाचणारे दुसऱ्या बाजूला उभे राहतात. मो, मेगी, एलिनॉर, रेसा, फेनोग्लिओ हे संवेदनशील, तर दुष्ट सारे अक्षरशत्रू. जगात क्रूर माणसे उत्तम वाचक असू शकतात, हे प्रौढांना सांगायला नको. मग ते किशोरांपासून लपवायचे का? विचार करा, कॅप्रिकॉर्न हा चोखंदळ वाचक असता, त्याला आपल्या कादंबरीतली आपली भूमिका पाठ असती आणि ती आवडतही असती, तर हीच कादंबरी किती अधिक भयप्रद झाली असती! पुस्तकांबद्दल इतका धीट संशय घेणाऱ्या लेखिकेने वाचकांबद्दल मात्र तो घेतला नाही. पुस्तक उघडून बसलेला मुलगा आपोआप भल्या माणसांच्या पंगतीत बसतो, आणि ही खुशामत आहे.

खुशामतीचा दुसरा प्रकार आगीच्या प्रसंगांत दिसतो. कॅप्रिकॉर्नची टोळी घरे-दारे पेटवून लोकांना धाक दाखवते, हे कादंबरीत येते. पण ते येते बातमीसारखे. एलिनॉरच्या ग्रंथसंग्रहाची राख होते, कॅप्रिकॉर्न ‘इंकहार्ट’च्या प्रती शोधून शोधून जाळतो, ते मात्र शोकगीतासारखे येते. एलिनॉर आपल्या घरी परतते आणि तिला जे दिसते तो भाग लिहिला अप्रतिम आहे, यात वाद नाही, आणि एलिनॉर हे पात्रही, तिच्या तिरसटपणासह, मला फार आवडते. तरीही जळालेल्या माणसांपेक्षा जळालेल्या कागदासाठी वाचकाचे डोळे अधिक भरून यावेत, अशी रचना नकळत झाली आहे. पुस्तकवेड्यांना हे खटकत नाही, कारण आपल्याला ते आधीपासूनच तसे वाटत असते. समितीला ते खटकायला हवे.

डॅरियसचे प्रकरण अधिक नाजूक आहे. मोआधी कॅप्रिकॉर्नकडे असलेला हा वाचक भीतीने अडखळत वाचतो, आणि त्यामुळे त्याने बाहेर काढलेल्या माणसांत काहीतरी व्यंग राहून जाते. रेसाला परत आणणाराही तोच. तिची वाचा त्या प्रवासात गेलेली असते. कल्पना म्हणून ही अत्यंत कसदार आहे, कारण वाचनाची प्रत आणि परिणाम यांचे नाते तिच्यातून दिसते, आणि खरा दोष डॅरियसचा नसून त्याला धाकात ठेवणाऱ्याचा आहे हेही कादंबरी सुचवते. पण वर्गात मोठ्याने वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या हातात हे पुस्तक पडेल तेव्हा त्याला काय वाटेल, याचा विचार लेखिकेने पुरेसा केलेला दिसत नाही. डॅरियसला स्वतःचे मन फारसे दिलेलेच नाही. तो येतो, अडखळतो आणि बाजूला होतो. अशी पात्रे कादंबरीच्या कडेला राहतात आणि मध्यभागी सुरेल आवाजाचा मो उभा असतो.

त्या आवाजाबद्दलही तक्रार आहे, आणि ती रचनेच्या मुळाशी जाते. मोचा आवाज अलौकिक आहे हे आपल्याला सांगितले जाते, पुन्हा पुन्हा सांगितले जाते, पण छापील पानावर आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या भागाच्या अर्पणपत्रिकेत फुंके यांनी ब्रेंडन फ्रेझर या अभिनेत्याच्या आवाजाचे ऋण मान्य केले आहे आणि २००८ च्या चित्रपटात मोची भूमिका त्यानेच केली. म्हणजे लेखिकेच्या कानात तो आवाज होता. वाचकाच्या कानात तो कसा उतरवायचा, हा प्रश्न सुटलेला नाही. त्याहून मोठी उणीव आतल्या पुस्तकाची. ज्या कादंबरीसाठी माणसे पळवली जातात, जाळपोळ होते, त्या आतल्या ‘इंकहार्ट’चा मजकूर आपल्याला जेमतेम काही ओळींपुरताच दिसतो. ते जग परीराज्यासारखे सुंदर आणि क्रूर आहे असे डस्टफिंगर सांगतो, ते आपण त्याच्या शब्दावर मानायचे.

जादुई पुस्तक छापील पुस्तकात खरे कसे करावे, याचे उत्तर जर्मन भाषेतच चोवीस वर्षे आधी मिळालेले होते. मिखाएल एंडे यांची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ या नावाने जगभर गेलेली कादंबरी १९७९ ची. तिच्यात बास्टियन हा मुलगा एक पुस्तक चोरून शाळेच्या माळ्यावर वाचत बसतो, आणि तो जे वाचतो तेच आपणही वाचत असतो. मूळ आवृत्तीत बास्टियनच्या जगातला मजकूर तांबड्या आणि पुस्तकातल्या जगाचा हिरवट निळ्या शाईत छापला होता. एकूण सव्वीस प्रकरणे वर्णमालेतल्या एकेका अक्षराने अनुक्रमे सुरू होतात. त्यामुळे हातातली वस्तू हीच जादूची वस्तू होते. मध्यावर एक म्हातारा तीच कथा पहिल्या वाक्यापासून पुन्हा वाचू लागतो आणि गोष्ट स्वतःतच अडकून बसते, तेव्हा वाचकाला खरोखर गरगरते. एंडे यांनी जादू सिद्ध केली, फुंके यांनी तिचे परिणाम दाखवले. दोन्ही मार्ग योग्य आहेत, परंतु दुसऱ्या मार्गात आतले पुस्तक रिकामे राहण्याचा धोका असतो आणि ‘इंकहार्ट’मध्ये तो टळलेला नाही.

जादूच्या हिशेबातही गळती आहे. एक बाहेर आला की दुसरा आत जातो, या नियमावर साऱ्या शोकांतिकेचा पाया आहे. पुढे मात्र हा नियम कधी कडक तर कधी सवलतीने लागू होतो. अखेरच्या वाचनात फेनोग्लिओच नेमका आत जातो, आणि आपण घडवलेल्या जगात जाण्याची ओढ त्याला असतेच. म्हणजे जी किंमत पहिल्या वेळी एका आईच्या रूपाने द्यावी लागली, ती शेवटी राजीखुशीने फिटते. मोने नऊ वर्षे ते पुस्तक जपले, रेसाला परत आणण्याचे प्रयत्न केले, पण ज्याने ते लिहिले त्या माणसाचा दरवाजा मात्र हातातली प्रत गेल्यावरच ठोठावला, याचे समाधानकारक कारण मला कादंबरीत सापडत नाही. चाणाक्ष बारा वर्षांचा वाचक हा प्रश्न विचारणारच.

पाचशेहून अधिक पानांच्या या कादंबरीचा मधला भाग लांबला आहे, हे सांगून पुढे जातो. पकडले जाणे, सुटणे, पुन्हा पकडले जाणे हे चक्र इतक्या वेळा फिरते की कॅप्रिकॉर्नच्या गावाची दहशत झिजून जाते. खुद्द कॅप्रिकॉर्न दूर असताना जितका भेसूर वाटतो तितका समोर आल्यावर वाटत नाही. त्यापेक्षा सशाचा पाय ताईत म्हणून बाळगणारा, पेपरमिंटचा वास मारणारा आणि शकुन-अपशकुनांना थरथरणारा बास्ता कितीतरी जिवंत झाला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दुसऱ्या एखाद्या पुस्तकातला उतारा देण्याची रीत मला संमिश्र वाटते. उत्सुक वाचकाला त्यातून पुढच्या वाचनाची चांगली यादी मिळते, पण ऐन उत्कंठेच्या क्षणी दुसऱ्याचे सुंदर वाक्य मध्ये येऊन थांबवते, आणि कधीकधी ते पुढच्या प्रकरणापेक्षा सरस असते.

चित्रपटाचा उल्लेख केला म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. पुस्तकाच्या शेवटी डस्टफिंगर घरी पोहोचत नाही. तो ‘इंकहार्ट’ची प्रत चोरून निघून जातो आणि फरीद हा ‘अरेबियन नाइट्स’मधून आलेला मुलगा त्याच्या मागे जातो. चित्रपटात मो त्याला त्याच्या जगात परत वाचून पाठवतो. चित्रपटवाल्यांना तो सल सहन झाला नाही. शिफारशींमध्येही हेच होते, फक्त तिथे शेवट बदलण्याची गरज पडत नाही. तो न सांगितला की काम होते.

आता प्रत्यक्ष विनंती. ‘इंकहार्ट’ किंवा तिच्या जातीची कोणतीही कादंबरी यादीत घेताना ‘वाचनाची गोडी’ हा शेरा कृपया काढून टाकावा आणि त्याजागी त्या कादंबरीतल्या जादूचा नियम काय, त्याची किंमत कोण भरतो आणि लेखक तो नियम शेवटपर्यंत पाळतो का, एवढे दोन-तीन वाक्यांत लिहावे. आतले पुस्तक आपल्याला खरोखर वाचायला मिळते की केवळ त्याची ख्याती ऐकायला मिळते, हेही नोंदवावे. ‘इंकहार्ट’पुरते सांगायचे तर ती बारा वर्षांपुढच्या वाचकाला द्यावी, लांबलेल्या मधल्या भागाची आणि हिंसेची आगाऊ कल्पना द्यावी, पहिला भाग स्वतंत्रपणे वाचता येतो पण डस्टफिंगरची गोष्ट तिथे संपत नाही हे स्पष्ट करावे, आणि संक्षिप्त आवृत्तीची शिफारस करू नये. संक्षेप करणारा पकडापकडी कापेल अशी आशा करणे व्यर्थ आहे. कापले जातील ते मोचे मौन, फेनोग्लिओचा अनाठायी आनंद आणि मेगीचा थांबलेला आवाज, कारण त्यांच्यावाचून कथानक पुढे सरकते.

चर्चेसाठी प्रश्न देण्याची आपली पद्धत असेल तर ‘तुम्हाला कोणत्या पुस्तकात जायला आवडेल?’ हा प्रश्न कृपया यावेळी नको. त्याऐवजी असे विचारावे: मेगी ज्या वाक्यापाशी थांबली ते वाक्य तुम्ही वाचले असते का? आणि डस्टफिंगरला त्याचा शेवट सांगायचा अधिकार फेनोग्लिओला होता का? या दोन प्रश्नांवर मुले आपसात भांडतील, आणि भांडताना पुस्तक पुन्हा उघडून पुरावे शोधतील.

आपला विश्वासू,
एक वाचक